फॅमिली ट्रस्टची देणगी कुणाला? निदान या चुका तरी टाळा

मार्चचा दुसरा आठवडा आला की माझा फोन सुरू होतो. "वहिनी, ट्रस्टमध्ये साडेतीन लाख पडून आहेत, ३१ तारखेच्या आत द्यायचेत, एखादी चांगली संस्था सुचवा ना." बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यापासून कारेलीबागेपर्यंत आपल्या मराठी घरांचे असे छोटे ट्रस्ट आहेत, आजोबांच्या नावाने पन्नास-साठ लाखांची एफडी, ट्रस्टी सगळे घरचेच, आणि येईल तेवढं व्याज वाटायचं. आमच्या सासऱ्यांच्या ट्रस्टचं काम मी चौदा वर्षं बघतेय. खाली लिहिलेल्या निम्म्या चुका आम्ही स्वतः केल्यात, म्हणून जरा स्पष्टच बोलते.

मार्चमध्ये जागं होणं

नियम साधा आहे, करमाफी हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के ट्रस्टच्या कामावर खर्च करायचे, १५ टक्के मागे ठेवता येतात. मग अकरा महिने कुणी काही बघत नाही आणि शेवटच्या पंधरा दिवसांत ज्याची फाइल टेबलावर वर असेल त्याला चेक जातो. तुम्ही निवड केलीच नाहीत, फाइलने केली. खरं तर इतकी घाई करायची गरजही नसते, ठरावीक कामासाठी पैसे साठवायचे असतील तर कारण लिहून फॉर्म भरला की पाच वर्षांपर्यंत रक्कम बाजूला ठेवता येते, फक्त सीएला मार्चमध्ये नाही, दिवाळीत विचारा.

आमचं काय झालं ते सांगते. एका हॉस्पिटलने डायलिसिसचं मशीन मागितलं. आमच्याकडे पैसे अपुरे होते म्हणून ओळखीच्या अजून एका ट्रस्टला सोबत घेतलं, २८ मार्चला चेक दिला, महिन्याभरात मशीन आलं, पाटी लागली, आत्तेसासूबाईंच्या हस्ते नारळ फुटला, पेढे वाटले. दिवाळीत मी दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेले तर मशीन प्लास्टिकचं कव्हर घालून कोपऱ्यात उभं! चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं आणि त्यांचा आरओ प्लँट होत्या त्याच मशीनना जेमतेम पुरत होता, वर चालवायला टेक्निशियन एकच, तोही संध्याकाळी दुसरीकडे जायचा. हे मार्चमध्ये सगळ्यांना माहीत होतं हो, आम्ही विचारलंच नाही, आणि मिळतंय ते नको कोण म्हणणार?

मग बाहेर बाकड्यावर बसून पेशंटशी बोलले. सावली गावाहून येणारे एक काका म्हणाले, डायलिसिसचे पैसे सरकारी योजनेतून जातात, त्याचं टेन्शन नाही, पण आठवड्यातून तीनदा यायचं म्हणजे रिक्षा-बसचं भाडं आणि सोबत येणाऱ्या मुलाची तीन दिवसांची मजुरी बुडते, म्हणून कधीकधी एक खेप चुकवतो. जिवाशी खेळ, आणि तोही भाड्यापायी! आणि आम्ही मशीनवर पाटी लावून मोकळे.

पुढच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, दोन वर्षं दुसऱ्या टेक्निशियनचा अर्धा पगार आपण देऊ, आरओ वाढवायला थोडे, आणि लांबून येणाऱ्यांचं भाडं. आत्तेसासूबाई म्हणाल्या, "अगं, पण पगाराला पाटी कुठे लावणार?" त्या खोटं नव्हत्या बोलत. लोक खोल्या बांधून देतात, मशीन देतात, पंखे देतात (पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नावं असतात आपल्याकडे), पण पगार, वीजबिल, रिपेरिंग यांना कुणी हात लावत नाही, आणि संस्था बंद पडतात त्या बहुतेक वेळा ह्याच खर्चांपायी. तेव्हापासून माझी सवय अशी की चेक लिहायच्या आधी न कळवता, आठवड्याच्या मधल्या वारी, एकटीने जायचं. कळवून गेलं की गुच्छ मिळतो, माहिती मिळत नाही. आणि कुणी वस्तू मागितली की मी एकच विचारते, हे चालवणार कोण आणि त्याचा पगार कोण देणार?

वाटकी व्यवहार

बडोद्यात राहून हा शब्द माहीत नाही असं होणारच नाही, शेजारच्यांची वाटी आली की आपणही वाटी भरून पाठवायची, तसलं देणंघेणं. एक ट्रस्टी म्हणतो गोशाळा, दुसऱ्याला त्याची जुनी शाळा, तिसरीला भजनी मंडळ, मग तू माझ्याला हो म्हण, मी तुझ्याला हो म्हणतो. वर्षाच्या शेवटी चौदा ठिकाणी वीस-वीस हजार, आणि कुणालाच त्यातून धड काही करता येत नाही. भांडण होत नाही एवढाच फायदा. आमच्या चोपड्याच्या पहिल्या पानावर आता आम्ही काय देत नाही त्याची यादी आहे. काय देतो हे लिहायला दहा मिनिटं लागली, काय देत नाही ह्यावर दोन रविवार गेले आणि मोठे दीर आठवडाभर बोलत नव्हते. आता कामं दोनच, आणि प्रत्येकाला तीन वर्षं. शिवाय प्रत्येक ट्रस्टीला वर्षाला दहा हजार मोकळे दिलेत, नियमात बसेल अशा कुठल्याही संस्थेला द्या, मी विचारणार नाही. ही लाच आहे हे मला कळतं, पण चालते.

एकदम सगळीकडे

भाचा एमबीए करून आला, पहिल्याच मीटिंगला म्हणे पूर्ण जिल्ह्यात करू, सहा महिन्यांत इम्पॅक्ट दाखवू. अरे बाबा, सयाजीराव महाराजांकडे अख्खं संस्थान होतं, तरी सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेली तालुक्यात सुरू केलं, आणि राज्यभर १९०६ मध्ये. तेरा वर्षं! आपली एक एफडी आहे.

बाकीच्या, भराभर

फक्त आपल्या ज्ञातीच्या मुलांनाच स्कॉलरशिप, अशी अट १९६२ नंतरच्या ट्रस्टने घातली तर करमाफीच जाऊ शकते. पुतण्याची फी ट्रस्टमधून भरू नका, कितीही हुशार असला तरी.

अमेरिकेतल्या भावोजींनी तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर त्यांचा पैसा परदेशी देणगी धरला जातो, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायचं सरकारी रजिस्ट्रेशन, लागतं आणि २०२० पासून तो पुढे दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर ही कटकट नाही. भावोजी रागावतात, रागावू देत.

संस्थेचं रजिस्ट्रेशन चालू आहे का ते दर वर्षी बघा, भिंतीवर फ्रेम केलेलं जुनं सर्टिफिकेट चालत नाही, आता मुदत असते. आणि दुसऱ्या ट्रस्टला देणगी दिलीत तर २०२३ च्या बजेटपासून तिचे ८५ टक्केच खर्चाच्या हिशेबात धरतात, हे ठरवतानाच लक्षात घ्या.

पुराच्या वेळी थांबा. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पहिल्या आठवड्यात फूड पॅकेट इतकी आली की लोक परत पाठवत होते, आणि तिसऱ्या आठवड्यात गाद्या, वह्या, गॅसची शेगडी द्यायला कुणी नव्हतं.

आणि नाही म्हणायचं तर पंधरा दिवसांत, लेखी. सासऱ्यांच्या कपाटात मला जुने सात अर्ज सापडले, एकालाही उत्तर गेलं नव्हतं. त्यातल्या दोघांना मी फोन लावून बघितला, एक संस्था केव्हाच बंद झाली होती, दुसऱ्या बाई म्हणाल्या, "नाही असं कळवलं असतं तरी आम्ही दुसरीकडे वेळेवर गेलो असतो."