गाडी तापते, पण कधी तापते?

गाडी गरम होते अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी बॉनेटला लगेच हात लावत नाही. आधी विचारतो, तापमानाचा काटा कधी चढतो? उभ्या गाडीत की पळत्या? अर्धं निदान तिथेच होतं.

गर्दीत काटा वर आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की खाली, असं असेल तर पंखा तपासा. पळत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर गार करतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज सोडणारा स्विच) आणि मग मोटर बघा. एसीवर फिरतो पण इंजिन तापलं तरी फिरत नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर.

वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर बघा. बाहेरून जाळीत माती नि किडे अडकतात, आतून नळाच्या पाण्याचे क्षार बसतात. म्हणून कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा लाल पट्ट्यात जात असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून कुलंट रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप. एक गाडी माझ्याकडे आली, तिला दुसरीकडे नवा रेडिएटर बसवून झाला होता, तरी तापायची. इंजिन बंद केलं, जाड फडकं धरून रेडिएटरचे दोन्ही होज (रबरी पाइप) चाचपले. वरचा चटका देत होता, खालचा गारच. थर्मोस्टॅट काढून मालकासमोर उकळत्या पाण्यात टाकला. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान तो उघडायला हवा. पाणी खळखळत होतं, आणि हा घट्ट मिटलेला. रेडिएटरचा खर्च फुकट गेला याचं मला आजही वाईट वाटतं. काही जण थर्मोस्टॅट कायमचा काढूनच टाकतात. तसं करू नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतंही लवकर.

कुलंट कमी होत असेल तर सकाळी गाडीखाली बघा. वॉटर पंपाशी आणि होजच्या क्लिपांशी सुकलेला पांढरट किंवा रंगीत थर दिसला की गळती तिथलीच. रेडिएटरच्या झाकणाचा रबरही बघा, कारण ते झाकण दाब धरून ठेवतं म्हणूनच कुलंट 100 अंशांच्या वरही उकळत नाही. गळती कुठेच नाही, तरी पातळी उतरतेय, कुलंटच्या बाटलीत बुडबुडे येताहेत, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय. मग गाडी चालवू नका, टो करून न्या.

वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल, आणि गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. झाकण गरम असताना कधीही उघडू नका. वाफेचा फवारा थेट तोंडावर येतो. पंख्यापासूनही हात लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक फिरतो. किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

कुलंट भरल्यावर इंजिन गरम होऊनही हीटर गार हवा देत असेल तर आत हवा अडकली आहे. ती काढून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा.