तळ्यावरचं सोलर: दोर आणि केबल आधी

पॅनल, इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा), स्ट्रिंगचा (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलच्या माळेचा) हिशोब हे सगळं छतावर असतं तसंच. तळ्यावरचं सोलर बिघडतं ते बहुतेक दोरांपायी आणि केबलपायी, म्हणून वेळ तिथे द्या.

१० किलोवॉटसाठी ५५० वॅटचे १८ पॅनल, नऊ-नऊच्या दोन स्ट्रिंग. चालायच्या वाटा धरून साधारण १०० चौरस मीटर पाणी लागतं. पॅनल तरंगत ठेवणारे फ्लोट एचडीपीई या चिवट प्लास्टिकचे, उन्हाने न तडकणारे घ्या. फ्लोट जोडून तराफा बनतो. कल ५ ते १५ अंश. त्याहून उभे पॅनल वारा धरतात. तळ्यात मासे असतील तर निम्म्याहून जास्त पाणी झाकू नका.

जोडणी काठावरच्या उतारावर करा: एक ओळ जोडली की पाण्यात ढकला, मग पुढची. प्रत्येक स्ट्रिंगचं एक कनेक्टर शेवटपर्यंत उघडं ठेवा. ऊन पडताच स्ट्रिंगमध्ये ४५० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि हात ओले असतात.

आता दोर. तळं भरल्यावर ६ मीटर आणि आटल्यावर २ मीटर खोल आहे असं धरा. नांगर तराफ्याच्या कडेपासून ४ मीटरवर टाकला तर भरल्या पाण्यात दोर ७.२ मीटर लागतो. पाणी उतरलं की तोच दोर तराफ्याला जवळपास ३ मीटर भटकू देतो. नांगर १० मीटरवर टाका, भटकणं दीड मीटरवर येतं. लांबी नेहमी भरल्या पाण्यावर ठरवायची, वर थोडी ढील ठेवून. आटलेल्या तळ्यात ताणून बांधलेला दोर पुराच्या पाण्यात फ्लोटचे कान (दोर बांधायच्या कड्या) उपटतो. तसाही दोर एकाच कानाला बांधू नये. आडवी पट्टी लावून ताण तीन-चार फ्लोटवर वाटावा.

नांगर म्हणून टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं वजन पाण्यात घटतं: १०० किलोचा ठोकळा तिथे ५८ किलोचाच. ताशी १४४ किलोमीटरचा वारा समोरच्या दर चौरस मीटरवर जवळपास १०० किलोने रेटतो, तेव्हा हिशोब घटलेल्या वजनावर करा. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर ठोकळे टाकूच नका, दोर काठाबाहेरच्या खुंटांना न्या.

इन्व्हर्टर काठावर, पुराच्या रेषेच्या वर. केबल फ्लोटवरून न्या आणि काठाशी तराफ्याच्या हालचालीपेक्षा मोठा वळसा सोडा, नाहीतर ताण दोराऐवजी केबल घेते. कनेक्टर पाण्याला टेकता कामा नये. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी ते कायम बुडून राहायला केलेलं नसतं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत जोडू नका. बसतात, पण नीट घट्ट होत नाहीत.

इन्व्हर्टर सकाळी ‘आयसोलेशन फॉल्ट’ (वीज जमिनीकडे गळते आहे अशी सूचना) दाखवून उशिरा सुरू होतो आणि दुपारी मुकाट चालतो? कुठेतरी ओल शिरली आहे. इन्व्हर्टर बंद करून डीसी स्विच पाडा, दोन्ही स्ट्रिंग सोडवा आणि ५०० व्होल्टचा मेगर (वायरच्या आवरणातली गळती मोजणारं यंत्र) एकेका स्ट्रिंगला अर्थिंगशी लावा. १ मेगाओहमच्या खाली येईल ती स्ट्रिंग दोषी. हे भल्या सकाळी, दव असतानाच करा. दुपारी सगळं कोरडं होतं आणि दोष सापडत नाही.