सव्वाशे किलोमीटर सपाट: निघण्याआधीची तयारी

ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतले तिघे येत्या जूनमध्ये अमेरिकेत ओहायोतल्या लिटल मायामी ट्रेलवर सायकल चालवायला चाललेत. एकाची मुलगी सिनसिनाटीला असते, तिथून हे खूळ निघालं. मी आणि सौ. आधी जाऊन आलोय, म्हणून यादी माझ्याकडे मागितली. तोंडी सांगितलेलं निम्मं विसरतात, म्हणून लिहूनच देतो.

ट्रेल स्प्रिंगफील्डहून निघून सिनसिनाटीच्या वेशीपर्यंत येतो. ७८ मैल, म्हणजे सुमारे १२५ किलोमीटर, बहुतेक सगळा डांबरी. जुन्या लिटल मायामी रेल्वेचे रूळ काढून त्या वाटेवर केलाय. ही रेल्वे १८४६ साली स्प्रिंगफील्डला पोचली होती. आपल्या ठाण्यात गाडी आली १८५३ला, सात वर्षांनी. रेल्वेची वाट आहे हे आधी नीट समजून घ्या, कारण सगळी तयारी त्यावरच ठरते. इंजिनाला चढ झेपत नाही. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात ती त्यासाठीच. म्हणून अशा वाटेवर शंभर फुटांत फूट-दोन फुटांपेक्षा जास्त चढ सहसा सापडत नाही. ऐकायला छान वाटतं. पण चढ नाही म्हणजे उतारही नाही, आणि उतार नाही म्हणजे पाय थांबवून नुसतं बसायची सोय नाही. चार-पाच तास एकाच जागी बसून पेडल मारत राहायचं. दमछाक होत नाही, पण बूड आणि तळहात बोलायला लागतात.

म्हणून सरावाला येऊर नको. येऊरचा चढ दम वाढवायला ठीक आहे, पण तिथे तुम्ही अर्धा वेळ सीटवरून उठलेले असता. नवी मुंबईतला पाम बीच मार्ग धरा. वाशी ते बेलापूर साधारण १० किलोमीटर, सपाट, एका अंगाला खारफुटी. जाऊन-येऊन अशा दोन फेऱ्यांचे ४० होतात. रविवारी पहाटे साडेपाचला सुरू करा; आठनंतर गाड्या इतक्या सुसाट जातात की सराव बाजूला राहतो. पहिल्या महिन्यात २०, मग ४०, आणि निघण्याआधी लागोपाठ दोन दिवस ४०-४०. तो दुसरा दिवसच खरी परीक्षा. पहिल्या दिवशी कोणीही चालवतं.

सायकल तिकडेच भाड्याने घ्या, सीट मात्र इथली न्या. हसू नका. तीन महिने ज्या सीटवर बूड रुळलंय तीच खरी. पिशवीत मावते आणि ॲलन कीने पाच मिनिटांत बसते. सीटची उंचीही घरीच टेपने मोजून फोनमध्ये लिहून ठेवा, पेडलच्या दांड्याच्या मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंत. माझा आकडा ६८ सेंटीमीटर. पॅडवाल्या चड्ड्या दोन, आणि त्यांच्या आत दुसरं काहीही घालायचं नाही. हे आमच्या एका मित्राला शेवटपर्यंत पटलं नाही, तिसऱ्या दिवशी तो उभ्याने जेवला. व्हॅसलीनची डबी, जेलचे हातमोजे, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, घंटी.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. इथे दर नाक्याला पंक्चरवाला बसतो, त्यामुळे आपण कधी शिकलेलोच नसतो. जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर (टायर उचकटून काढायची पट्टी) आणि हातपंप हवा, आणि ट्यूब घेताना हवा भरायचं तोंड जाड की बारीक ते सायकल पाहूनच ठरवा. घरी गॅलरीत दोनदा चाक उघडून बघा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं हळूच फिरवायचं. जिथे धागा अडकेल तिथे काटा असतो. बोट फिरवू नका, कापतं. हे फडकं विसरलात तर पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही पंक्चर होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे उजव्या हातातला ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो, तिकडे डाव्या हातातला. सौ.ने पहिल्याच क्रॉसिंगला स्टॉपची पाटी बघून सवयीने डावा करकचून दाबला, पुढचं चाक जागीच थांबलं आणि ती हँडलवरून गवतात. कोपरावर निभावलं. सायकल घेतली की पंधरा मिनिटं मोकळ्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा आणि डाव्या लिव्हरला लाल टेप गुंडाळा. ट्रेलवर उजवीकडून चालवायचं. मागून कोणी ‘ऑन युअर लेफ्ट’ ओरडलं तर तो डावीकडून पुढे जातोय, तुम्हाला डावीकडे व्हायला सांगत नाहीये. आपला ठाणेकर मेंदू ‘लेफ्ट’ ऐकून नेमका त्याच्या चाकापुढे जातो.

तीन दिवस धरा: स्प्रिंगफील्ड ते झीनिया, झीनिया ते मॉरो, मग लव्हलँडवरून मिलफर्ड. असं गेलात तर नदीच्या वाहत्या दिशेने जाता, उतार नावापुरता का होईना मिळतो. झीनियाला बरेच ट्रेल एकत्र येतात, तिथून बाहेर पडताना पाटी दोनदा वाचा. नदीची खरी सोबत स्प्रिंग व्हॅलीच्या पुढेच मिळते, तेव्हा पहिल्या दिवशी ‘नदी कुठंय’ म्हणून मला फोन करू नका. मॉरोच्या अलीकडे दरीवरून महामार्गाचा पूल जातो. त्याखाली उभं राहून वर बघायला दहा मिनिटं राखून ठेवा.

खाण्यात शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, गूळपोळी. ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. पाणी गाव आलं की भरून घ्या, मधे लांब टप्पे कोरडे आहेत. मीठ-साखरेच्या पुड्या इथूनच.

झुडपात शिरू नका. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही अंगाला लागली की आठवडाभर खाज. संध्याकाळी गुडघ्यामागे, मोज्यांच्या कडेला गोचीड बघायची. वीज कडाडली की पुढचं गाव गाठून थांबायचं. प्रवासाचा विमा, हे सांगायला नकोच.

आणि परत आल्यावर पहिले दोन दिवस तीन हात नाक्याकडे सायकल काढू नका. हात आणि बाजू, दोन्ही उलट सुचतात.