खुंटीवरची गिटार खाली उतरवताना

कोकणात गिटार विकत घेणारे बरेच, पण दुसरा पावसाळा ओलांडून वाजवत राहणारे थोडे. रविवारी माझ्याकडे शिकायला येतात त्यांत कोरी पाटी घेऊन आलेली मुलं असतात, तसे ‘पूर्वी वाजवायचो, आता मनच लागत नाही’ म्हणणारे मोठेही असतात. कुणी पुण्याच्या होस्टेलवर शिकलेला आणि नोकरी कुडाळात लागली म्हणून परतलेला, कुणी लग्नानंतर वेंगुर्ल्याला आलेली. सगळे दोष स्वतःलाच देतात: आळस झाला, शिस्त नाही, आपल्यात ते नाहीच. मी म्हणतो, ते राहू दे, आधी गिटार दाखव.

कारण बहुतेक वेळा बिघाड तिथे असतो. गिटार बनवणारे तिच्यासाठी 45 ते 55 टक्के आर्द्रता योग्य मानतात. आपल्याकडे मृग लागला की हवा 80-90 टक्क्यांच्या घरात जाते आणि गणपती जाईपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. लाकूड ओल पितं, फुगतं. तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजच्या मागचा भाग पोटासारखा वर येतो, ब्रिज उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, लांब जातात. हा बदल इतका हळूहळू होतो की वाजवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मे महिन्यात सहज वाजणारा कॉर्ड (एकदम छेडायचे तीन-चार सूर) ऑगस्टमध्ये दोन मिनिटांत बोटं दुखवतो आणि तो समजतो, आपल्याच हाताची सवय मोडली. मग आज नको, उद्या बघू, असं करत गिटार खुंटीला जाते.

तपासायला शाळेची पट्टी पुरते. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेच्या खालचं अंतर मोजा. ॲकॉस्टिकला 2 ते 2.5 मिलिमीटर ठीक. 3 च्या वर असेल तर तुमची इच्छाशक्ती कितीही दांडगी असली तरी हात रडणारच. मग मान वाकली आहे का ते बघायचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावायचा, तीच जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबायची आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी फट किती राहते ते पाहायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं एवढी फट हवी. जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड आवळावा लागतो, तोही एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि मग एक दिवस थांबून पुन्हा बघायचं. हात धजत नसेल तर जाणकाराकडे न्या. आपल्या भागात गिटारचे कारागीर कमी. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना गोवा जवळ पडतो, तिकडे घरोघरी गिटार असल्यामुळे दुरुस्ती करणारेही भेटतात. मिरजेचे कारागीर नावाजलेले खरे, पण ते सतार-तानपुऱ्यासाठी. तिकडे गिटार घेऊन जाण्याआधी फोन करून विचारा.

तारांचं काय होतं ते समुद्राकाठच्या माणसाला सांगायला नको. जी खारी हवा खिडकीचे गज खाते तीच तारा खाते. मागे एकीने आणलेल्या गिटारच्या खालच्या दोन तारांवरून मी बोट फिरवलं तर बोटावर तांबूस रेघ उमटली आणि तार कानशीसारखी खरखरली. जाड तारांच्या वेटोळ्यांत हिरवट थर बसला होता आणि चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी. अशा तारांवर कोणाचं मन लागेल? सुरात लावल्या तरी आवाज मेलेलाच येतो. काही शे रुपयांचा नवा संच घाला. शक्यतो कोटिंगवाला घ्या, थोडा महाग पडतो पण आपल्या हवेत टिकतो. परत सुरुवात करणाऱ्याने जाडीही उतरवावी. 12 च्या नेहमीच्या संचाचा (हा आकडा सगळ्यात पातळ तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या वर जातो, 10 च्या संचाचा 60 च्या आसपास राहतो. तेवढंही जड वाटलं तर सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावा, ताण आणखी सुमारे 11 टक्क्यांनी उतरतो. कोणी हसलं तर हसू दे. वाजवून झाल्यावर सुती पंचाने तारा वरून-खालून पुसायच्या, ही सवय मी शिकवणीच्या पहिल्याच दिवशी लावतो.

गिटार ठेवायची कुठे, तर चिरेबंदी घराच्या बाहेरच्या भिंतीला कधीच नाही. जांभा दगड ओल धरून ठेवतो आणि भिंतीला टेकलेली गिटार ती शोषते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून आतल्या खोलीत ठेवा, आणि त्या पुड्या अधूनमधून तव्यावर मंद आचेवर तापवून वाळवा, नाहीतर महिनाभरात त्याच भिजलेल्या असतात. मे महिन्यात आपण सुकी मासळी, कोकम, पापड-फेण्यांची बेगमी करतो, त्यातच तारांचे दोन संच धरायचे. ज्यांनी अजून गिटार घेतलेलीच नाही त्यांना माझा सल्ला दुकानदाराच्या उलट आहे: सॉलिड टॉपच्या मागे लागू नका. आवाज गोड असतो हे खरं, पण वरच्या फळीच्या एकसंध लाकडाला ओल फार लवकर नडते. प्लायची साधी गिटार इथे जास्त निमूट राहते. आणि ओटीवर बसून घरच्यापुरतं वाजवायचं असेल तर नायलॉनच्या तारांची घ्या, गंजायचा प्रश्नच मिटला.

गिटार ठीक झाली की मग बोटं. बोटांच्या टोकांचे घट्टे काही आठवड्यांत मऊ पडतात आणि परत यायला दोन-तीन आठवडे घेतात. तेवढे दिवस दहा मिनिटांवर थांबायचं, मजा येत असली तरी थांबायचं. पहिल्याच संध्याकाळी जोशात तासभर वाजवणारे दुसऱ्या दिवशी बोटं सुजवून घेतात आणि पुन्हा महिनाभर दिसत नाहीत. ‘एफ’ कॉर्डपाशी बहुतेकांचं गाडं अडतं. त्याला इतका मान द्यायचं कारण नाही. पातळ चार ताराच घ्या: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, आणि शेवटच्या दोन एकाच बोटाने पहिल्या फ्रेटवर. झाला ‘एफ’. पूर्ण आडवं बोट टाकायचा सराव पुढे आपोआप होतो. न झाला तरी कॅपो आहे.

जुनी गाणी मात्र लगेच काढू नका. कॉलेजात ज्या गाण्यावर टाळ्या घेतल्या तेच गाणं अडखळत वाजवताना ऐकणं म्हणजे स्वतःलाच टोचून घेणं. रोजची हजेरी मोजणारी ॲप्सही मला पटत नाहीत. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि माणूस गिटारबरोबर ॲपही सोडतो. मोबाइलवरच्या धड्यांबद्दल इतकंच सांगतो की ते बघण्यात जाणारा वेळ वाजवण्यात धरू नका.

आता खरं दुखणं. गिटार सुधारली, बोटं परत आली, तरी खोलीचं दार लावून एकट्याने किती दिवस वाजवणार? पुण्या-मुंबईत निदान चार मित्र जमायचे. इथे परतलेल्या बहुतेकांची तक्रार हीच, की गावात संगीताचं वातावरण नाही. हे ऐकलं की मला हसू येतं. ज्या जिल्ह्यात डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचं, भजन ऐकायला माणसं रात्रभर मांडवात बसतात, जिथे प्रत्येक वाडीत एक भजन मंडळ आणि एक पेटी आहे, तिथे वातावरण नाही म्हणे! गिटारवाल्यांचं वातावरण नाही, एवढंच. मग असलेल्या गाण्यात जाऊन बसायचं.

मी आमच्या वाडीच्या भजनात बसायला लागलो तेव्हा बुवांनी दोन-तीन वार काही म्हटलं नाही. मग एकदा चहा पिताना म्हणाले, “झिला, तुजा ता वाजाप आमका काय आयकाक येणा नाय.” मी म्हटलं, “बुवा, झांजा इतक्या वाजतात, कसं येईल?” तर म्हणतात, “आयकाक इला नाय तरी चलात, पण सुरात ऱ्हव.” परत सुरुवात करणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा कुठली? पखवाज आणि झांजांच्या गदारोळात तुमच्या चुका कोणाला ऐकू जात नाहीत. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यामुळे हाताला लय सांभाळावी लागते आणि गजर चढायला लागला की मागे राहून चालत नाही. ताल यंत्राबरोबर महिनाभर घासून जे होत नाही ते भजनाच्या दोन-चार बैठकांत होतं.

पट्टीचं गणित एकदा समजून घ्या. बुवा ‘काळी एक’ म्हणतात तेव्हा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरायचा, तो सी शार्प. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि सी, डी, जी, ए हे चार ओळखीचे उघडे कॉर्ड धरा: त्यांतून अनुक्रमे काळी एक, काळी दोन, काळी चार आणि काळी पाच मिळतात. राहिली काळी तीन, तिच्यासाठी कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणि ‘ई’. पांढरी चार आली तर कॅपो तिसऱ्यावर आणि ‘डी’. गिटार लावताना मोबाइलचा ट्यूनर खिशात ठेवा. वाडीतली पेटी जुनी असते, तिचे सूर ट्यूनरच्या 440 हर्ट्झच्या हिशेबात बरोबर असतीलच असं नाही, आणि पेटी काही तुमच्यासाठी फिरवता येत नाही. तिच्या सुरावर तार लावायची.

दुसरी खबरदारी गंधाराची, म्हणजे ‘ग’ची. आपला मेजर कॉर्ड वाजला की त्यात शुद्ध गंधार येतो. अभंग भीमपलासात असेल तर तिथे गंधार कोमल, आणि तुमचा कॉर्ड खड्यासारखा लागतो. मग गंधारच गाळायचा. जाड ‘ई’ तार एक स्वर खाली ‘डी’ला उतरवली की वरच्या तीन जाड तारा मोकळ्या छेडल्यावर सा-प-सा मिळतो. डावा हात लागतच नाही. कॅपो पहिल्या फ्रेटवर असेल तर हा सा म्हणजे काळी दोन. मालकंस असेल तर मात्र पंचमही नको, त्यात तो वर्ज्य आहे. नुसता सा धरून बसा.

ज्यांना एकेक सूर काढायची हौस आहे त्यांच्यासाठी एक गंमत. गिटार शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने पाचव्या फ्रेटवरची पेंटाटोनिक (पाच सुरांची) चौकट घोटलेली असते: सगळ्यात जाड तारेवर पाचवा-आठवा फ्रेट, मग तीन तारांवर पाचवा-सातवा, शेवटी पुन्हा दोनदा पाचवा-आठवा. पुष्कळांचा कंटाळा इथेच सुरू झालेला असतो, कारण ती वर-खाली करण्यापलीकडे कोणी काही सांगितलेलं नसतं. तीत सूर पाचच: ए, सी, डी, ई, जी. आता बोटं तीच ठेवा आणि फक्त ‘सा’ हलवा. सी ला सा मानून तिथे येऊन थांबलात तर भूप. जी ला सा मानलात तर दुर्गा. ए वर धानी, ई वर मालकंस, आणि डी वर मेघ किंवा मधमाद सारंग. एका चौकटीत पाच रागांचे सूर. बुवांना सांगायला जाऊ नका, नुसत्या सुरांनी राग होत नाही म्हणून कान उपटतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण मागे कोणीतरी सा धरून ठेवायला घ्या, तानपुऱ्याचं ॲप असलं तरी चालेल. बाहेर पाऊस धरलेला असताना डी ला सा करून मेघाचे सूर हळूहळू काढत बसा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे पुन्हा रमले ते बहुतेक या वाटेने रमले. ज्या चौकटीला कंटाळून गिटार सोडली होती तीच घेऊन दीड-दोन तास बसलेले मी पाहिलेत.

आणि हेही सगळं करून गिटार हातात घ्यावीशी वाटली नाही, तर विकून टाका. वाडीतल्या एखाद्या पोराला स्वस्तात द्या. छंद सोडणं हा गुन्हा नाही, आणि खुंटीवर लाकूड कुजवत ठेवण्यापेक्षा ते बरं.

ज्यांना ठेवायची आहे त्यांनी आषाढातच हात चालवायला घ्यावा. श्रावणात मंडळांचे सराव वाढतात आणि गणपतीला चाकरमानी आले की घरोघरी भजनं फिरतात, तेव्हा नव्या माणसाला शिकवत बसायला कोणाला सवड नसते. बुवांना आधी जाऊन विचारा, ते सहसा नाही म्हणत नाहीत. कॅपो मात्र स्प्रिंगचा चांगला बघून घ्या. स्वस्तातला प्लॅस्टिकचा पातळ तारा नीट दाबत नाही आणि ऐन गजरात भुणभुण करतो.