एम.एस.डब्ल्यू.साठी ख्रिस्ती विद्यापीठात जाताना

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी मे-जूनमध्ये हमखास कुणीतरी एम.एस.डब्ल्यू.चं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, विचारायला येतं. मुलगी बी.ए. नाहीतर बी.कॉम. झालेली, सोबत बाबा, हातात मार्कशीटची फाइल. चहा होतो आणि मग बाबा आवाज जरा खाली आणून विचारतात, "ताई, विद्यापीठ ख्रिस्ती आहे. तिकडे धर्माचं काही मागे लागत नाहीत ना?" मी याच पदवीसाठी बंगळूरला निघाले तेव्हा माझ्या आजीनंही हेच विचारलं होतं. तिचा शब्द तेवढा जुना होता, "बाटवतील गं."

हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही. राज्यघटनेचं कलम 28(3) यावर स्पष्ट आहे. शासनमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. मी बंगळूरला दोन वर्षं राहिले. असेंब्लीत प्रार्थना व्हायची, तेव्हा मी शांत उभी राहायचे. चॅपलमध्ये मात्र आपणहून गेले, दुपारी, कारण तिथे गारवा असायचा. गणेश चतुर्थीला खोलीत आरती केली तेव्हा शेजारच्या खोलीतली मिझो मुलगी टाळ्या वाजवायला आली होती. अर्ज भरण्याआधी संस्थेला फोन करून प्रार्थना, व्रताचं जेवण, वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं, हे सगळं विचारून घ्या. विचारण्यात संकोच नको.

मिशनच्या लोकांचं आणि समाजकार्याचं नातं जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत नागपाड्याला 1926 साली वस्तीतलं केंद्र सुरू केलं. 1936 साली टाटांची समाजकार्याची संस्था निघाली, तिचे पहिले संचालक तेच. आज आपण तिला टिस म्हणतो. वर्गात शिकवतात ती केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं फेलिक्स बिस्टेक या जेझुइट धर्मगुरूंनी 1957 साली मांडली. त्यात समोरच्या माणसाचा निवाडा करू नये हे एक, आणि त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्यावा हे दुसरं. आजीला मी हे दुसरं तत्त्व समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग जा."

आता संस्था निवडण्याचं. आपल्याकडे लोक ख्रिस्ती कॉलेज आणि ख्रिस्ती विद्यापीठ एकच समजतात, तसं नाही. आपल्या इंदूरचं स्कूल ऑफ सोशल वर्क 1951 पासून आहे, पण ते कॉलेज. पदवी देवी अहिल्या विद्यापीठाची मिळते. मुंबईचं निर्मला निकेतन 1955 चं, तेही कॉलेजच, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. बंगळूरचं क्राइस्ट 1969 साली कॉलेज म्हणून सुरू झालं आणि 2008 साली अभिमत विद्यापीठ झालं, म्हणजे पदवी त्यांची स्वतःची. विद्यापीठ निवडत असाल तर यू.जी.सी.च्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत नाव आहे की नाही, ते स्वतः बघा. दहा मिनिटांचं काम आहे. घरात राहून शिकायची सोय असेल आणि पैशांची ओढाताण असेल, तर इंदूर सोडायलाच हवं असं माझं मुळीच म्हणणं नाही.

फी, वसतिगृह, नॅकची (संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेची) श्रेणी हे सगळं माहितीपत्रकात असतं. तिथे नसतं ते फिल्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमधलं काम, कसं होतं, आणि मी त्यावरूनच निवडा असं सांगेन. एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं. बहुतेक ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी संस्थेत, वस्तीत किंवा रुग्णालयात असतो. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठा आणि विचारा: फिल्डवर्कवर देखरेख करणारा सुपरवायझर किती मुलांमागे एक? दर आठवड्याला एकटीला बसवून बोलतात की नुसती सही करतात? बसभाडं कोण देतं? ग्रामीण शिबिरात तुम्ही तिथे काय केलं? चौथ्या प्रश्नाला "फोटो काढले" एवढंच उत्तर आलं, तर दुसरी संस्था बघा. मी आता इंदूरच्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात आहे. माझ्याकडे निरनिराळ्या कॉलेजांतून मुलं फिल्डवर्कला येतात, आणि कुणाशी सुपरवायझर दर आठवड्याला बोलतो हे मला पहिल्या पंधरवड्यात कळतं.

परराज्यात जाणार असाल तर भाषेची तयारी करा. मला कन्नड येत नव्हतं, आणि पहिल्या दिवशी वस्तीत उभी राहिले तेव्हा घशाला कोरड पडली. माझं नशीब असं की मला मिळालेल्या गल्लीत दखनी, म्हणजे दक्षिणेकडची उर्दू, बोलायचे. एक बाई मला बसायला पाट देत होत्या, मी राहू दे म्हटलं, तर म्हणाल्या, "नक्को, नक्को, नीचे नक्को." त्या एका शब्दानं मला घरी आल्यासारखं वाटलं. जोर द्यायचा असला की त्या शब्दाला आपल्यासारखाच च लावायच्या. तरी कन्नडमधली पन्नास वाक्यं मी महिन्याभरात पाठ केली. तुम्ही ती जाण्याआधी करा.

याच बाईंच्या घरी मी जर्नल, म्हणजे फिल्डवर्कची रोजची नोंदवही, लिहायला शिकले. त्यांना क्षयरोग होता. तेव्हा औषध दिवसाआड असायचं, आता रोज असतं. सुरुवातीचे दोन महिने संपले की आठवड्याचं पाकीट मिळायचं. पहिली गोळी केंद्रावर समोर घ्यायची आणि बाकीची घरी. चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या डब्याच्या मागे, दोन आठवड्यांची पाकिटं मला दिसली. घरी घ्यायच्या गोळ्या जशाच्या तशा. मी त्या रात्री जर्नलमध्ये लिहिलं, "रुग्ण औषधाबाबत निष्काळजी आहे." सुपरवायझर मॅडमनी "निष्काळजी" या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, "हे तू कुठे पाहिलंस?"

पाहिलं नव्हतंच. पाहिली होती ती पाकिटं. पुढच्या खेपेला मी काहीच न बोलता तासभर बसले. बाई पहाटे निघून चार घरची कामं करायच्या. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळायचं, आणि पहिल्या घरी भांडी घासताना ओकारी आली म्हणून ते काम गेलं होतं. म्हणून गोळ्या फळीवर. उपाय तसा साधा निघाला. आरोग्य केंद्रातल्या ताईंशी बोलून गोळ्यांची वेळ संध्याकाळच्या जेवणानंतर ठरवली, आणि आठवड्यातून एकदा केंद्रावर जायचं तेही कामावरून परतताना. आज क्षयरुग्णांना पोषणासाठी निक्षय योजनेतून दरमहा 1000 रुपये खात्यात मिळतात. 2018 साली सुरुवात 500 ची होती. तेव्हा तेही नव्हतं.

म्हणून जर्नल लिहिताना पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच, माणसाच्याच शब्दांत. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं. "आळशी", "अडाणी", "बेजबाबदार" हे शब्द नेहमी उजवीकडे सापडतात, आणि डावीकडे त्यांना आधार मिळाला नाही तर खोडा. जर्नल त्याच रात्री लिहायचं; दुसऱ्या दिवशी आपली स्मृती आपल्या बाजूची होते. माणसाचं खरं नाव लिहायचं नाही, घराचा पत्ताही नाही.

मुलाखतीबद्दल एकच. "मला गरिबांना मदत करायची आहे" हे वाक्य परीक्षक सकाळपासून ऐकत असतात. तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात पाहिलेली एक गोष्ट सांगा. आईकडे कामाला येणाऱ्या मावशींना रेशन का मिळत नव्हतं, हे तुम्ही शोधलंत का? ते सांगा.

नोकरीचं पालक विचारतात आणि विचारायलाच हवं. ज्यांना पगार लवकर हवा ते मनुष्यबळ विकासाकडे वळतात, त्यात कमीपणा नाही. रुग्णालयं, समुपदेशन केंद्रं, 1098 ही मुलांसाठीची मदतीची फोनसेवा, संकटातल्या स्त्रियांसाठीची सखी केंद्रं इथे कामं असतात, पण बरीचशी कंत्राटी, आणि सुरुवातीचा पगार वाचून आई नाराज होईल. घरी हे आधीच सांगून ठेवा.

जमलं तर देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला एकदा जाऊन या. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगीण तिथल्या आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांना मारलं गेलं. त्यांची समाधी तिथल्या चर्चमध्ये आहे. 2017 साली इंदुरातच चर्चनं त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. या कामात समोर कोण उभं असतं, हे तिथे कळतं.

आणि फॉर्म भरण्याआधी एक सकाळ एम.वाय. या इंदूरच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बाकावर बसून काढा. फोन पिशवीत ठेवा. घरी जाऊन एक पान लिहा आणि मला आणून दाखवा. लाल पेन माझ्याकडे आहे.