अ‍ॅनिमे बघताना सबटायटलचा ट्रॅक एकदा तपासा

अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा, इंग्रजी डब (इंग्रजी आवाज) लावलाय आणि खालची अक्षरं भलतंच काहीतरी सांगतायत? अ‍ॅप बिघडलेलं नाही. साधी सबटायटल्स मूळ जपानी संवादांवरून केलेली असतात, तर डबचे संवाद पात्रांच्या ओठांच्या हालचालीत बसावेत म्हणून फिरवून लिहिलेले असतात. यादीत इंग्रजीपुढे 'सीसी' (क्लोज्ड कॅप्शन) लिहिलेला ट्रॅक असेल तर डबसोबत तो लावा. तो बहुधा डबच्या शब्दांना धरून असतो. जपानी आवाजाला साधा ट्रॅक.

आता डब की सब, म्हणजे जपानी आवाज आणि सबटायटल? जेवता जेवता हाणामारी बघायची असेल तर डब बेस्ट. क्रंचीरोल या अ‍ॅनिमेच्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर काही मालिका हिंदीतही आहेत. पण गोष्ट नात्यांची असेल तर मी जपानीच ऐकतो. 'वाताशी' आणि 'ओरे' दोन्ही म्हणजे 'मी'च, पण 'ओरे'त रांगडेपणा आहे. इंग्रजीत दोन्हींचं 'आय' होऊन जातं. 'सान', 'कुन', 'सामा' या नावाला जोडायच्या संबोधनांकडेही कान ठेवा. कालपर्यंत आडनावाला 'सान' लावणारी आज नुसत्या नावाने हाक मारू लागली, की समजायचं, गाडी अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आली. सबटायटलमध्ये हे बऱ्याचदा गाळलेलं असतं, ऐकू मात्र येतं.