धंद्याचं प्लॅनिंग एका कागदावर: माइंड मॅप असा काढा

मागच्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डर्स घेताना वहिनीने कामांची यादी केली होती, वहीची चांगली तीन पानं भरली, आणि तरी लेबलं वेळेत आली नाहीत आणि परदेशात जायची पार्सलं घरात पडून राहिली. "लेबलं" यादीत होतं की, पण ते कशापायी अडणार हे काही यादीत दिसत नाही. म्हणून यंदा श्रावण लागल्यावरच आम्ही टेबलावर मोठा कागद पसरला आणि माइंड मॅप काढला, म्हणजे मधोमध मुख्य विषय आणि त्यातून फुटत जाणाऱ्या फांद्यांवर एकेक काम.

कागद ए थ्री घ्या, पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळेल, आणि आडवा ठेवा. ए फोरवर जागा संपते आणि मग आपण सुचलेलं लिहायचंच टाळतो. मधोमध नुसतं "फराळ" नका लिहू. "धनत्रयोदशीआधी ३०० किलो, ६० पार्सलं परदेशात" असं लिहा, म्हणजे आकडा आणि मुदत दोन्ही सतत डोळ्यासमोर राहतं.

मग मधून पाच-सहा जाड फांद्या काढा. आमच्या होत्या माल, माणसं, पॅकिंग, ऑर्डरी, पैसे आणि कागदपत्रं. टोनी बुझान या ब्रिटिश माणसाने १९७० च्या दशकात माइंड मॅप लोकांपर्यंत नेला, त्याचा आग्रह असायचा की एका रेषेवर एकच शब्द हवा, आणि ते खरंच पाळा. "बोहरी आळीत जाऊन डब्यांचे भाव विचारायचे" असं अख्खं वाक्य लिहिलं की विषय तिथेच संपतो, पण नुसतं "डबे" लिहिलं की त्यातून भाव, माप, झाकण, अॅडव्हान्स असं आपोआप फुटत जातं. पहिली १५ मिनिटं काहीही खोडायचं नाही, आणि घरातल्या सगळ्यांना पेन द्या. सासूबाईंनी "भाजणी"च्या पुढे "गिरणी" लिहिलं, कारण गव्हाच्या पाठोपाठ भाजणी दळली तर चव जाते, म्हणून गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं. हे आम्हाला दोघांना सुचलंच नसतं.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात, पण खरं अॅनालिसिस इथून पुढे आहे. लाल पेन घ्या आणि एका फांदीवरचं काम दुसऱ्या फांदीवरच्या कामासाठी थांबणार असेल तर बाण काढा. आमचा पहिला बाण पार्सलवरून पॅकिंगवर गेला, तिथून लेबलवर, आणि लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी नोंदणी-परवान्याचा, १४ आकडी नंबर लागतो म्हणून तिथून थेट कोपऱ्यातल्या "कागदपत्रं" फांदीवर. सगळ्यात बारकी फांदी होती ती, तिच्यावर दोनच शब्द, आणि अर्धा धंदा तिच्यासाठी थांबलेला! मागच्या वर्षी आम्ही डाळ-रवा भरण्यापासून सुरुवात केली होती, यंदा पहिलं काम त्या नंबरासाठी अर्ज भरायचं झालं. ज्या शब्दापाशी जास्त बाण येऊन थांबतात ते काम आधी, भले ते कितीही किरकोळ वाटो.

मग रिकाम्या फांद्या बघा. आमच्या "पैसे"पुढे फक्त "अॅडव्हान्स" होतं, म्हणजे मार्केट यार्डातून माल उचलायला पैसे कुठून येणार याचा विचारच झाला नव्हता. जिथे माहिती नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि प्रत्येकापुढे कोण विचारणार त्याचं नाव लिहा.

एक लक्षात ठेवा, मॅपमध्ये तारखा नीट बसत नाहीत. बाण काढून झाले की कामं एक्सेलमध्ये घ्या आणि शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत या. टीम वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर एक्समाइंड किंवा फ्रीप्लेन हे माइंड मॅपचं सॉफ्टवेअर वापरा, फ्रीप्लेन फुकट आहे, पण पहिला मॅप मी तरी कागदावरच काढा म्हणेन, कारण कागदाभोवती चार माणसं उभी राहतात आणि लॅपटॉपवर एकच जण टाइप करतो.

आणि कागद टाकू नका. आमचा फ्रीजच्या बाजूला चिकटवलाय. दिवाळी झाली की हिरव्या पेनाने प्रत्येक फांदीवर खरा खर्च आणि खरे लागलेले दिवस लिहायचे, आणि पुढच्या श्रावणात नवा कागद काढताना हा शेजारी ठेवायचा.